पाच मिली कशाचे?

माझा भाचा तेव्हा नऊ महिन्यांचा होता, वजन आठ किलो. न्यूमोनियासाठी चार दिवस एका खासगी रुग्णालयात काढून घरी आला. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, ‘ताप आल्यास पॅरासिटामॉल 5 मिली’. मेडिकलवाल्याने ड्रॉप्सची बाटली दिली. रात्री ताप चढला, तेव्हा आपाने वॉर्डात फोन केला. ‘डॉक्टरांनी लिहिलंय तेवढं द्या,’ असं उत्तर मिळालं. मग तिने मला फोन केला, ‘‘अरे, ड्रॉपरवर एक मिलीपर्यंतच खुणा आहेत. पाच वेळा भरायचा का?’’

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण बाटलीवरचं वाचता येतं. लहान मुलाला पॅरासिटामॉल साधारण किलोमागे 15 मिलिग्रॅम देतात, म्हणजे भाच्याला 120. नेहमीच्या सिरपमध्ये 5 मिलीत 125 मिलिग्रॅम असतं. पण आमच्या हातातल्या ड्रॉप्समध्ये 1 मिलीतच 100 होतं. ते 5 मिली पाजले असते तर एका वेळी 500 मिलिग्रॅम पोटात गेलं असतं, चौपट. असे डोस दिवसभर दिले तर यकृतावर बेततं. डॉक्टरांच्या मनात सिरप होतं. कागदावर ते उतरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चूक लगेच मान्य करून दुरुस्त केली. मी व्यवस्थापकांना म्हणालो, कार्डावर एक रकाना वाढवा : सिरप की ड्रॉप्स, आणि 5 मिलीत किती मिलिग्रॅम. त्यांनी विचारलं, ‘‘तुमची तक्रार नेमकी कुणाविरुद्ध आहे?’’ माझी तक्रार कुणाविरुद्ध नव्हतीच, कार्डाविरुद्ध होती. सहा महिन्यांनी शेजारच्या मुलाचं कार्ड पाहिलं. रकाना नव्हता.

आमच्या धंद्यात मध्यरात्री सर्व्हर बंद पडला, तर सकाळी सगळे बसून शोधतात की ही चूक होऊ शकली कशी. बटण दाबणाऱ्याला काढून टाकलं, तर त्याच्या जागी येणाराही तेच बटण दाबणार, हे अनुभवाने कळलेलं असतं. आपल्या रुग्णालयांत मात्र दुर्घटना झाली की आधी माणूस शोधला जातो.

9 जानेवारी 2021 ला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली आणि 10 बाळं गेली. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, कंत्राटी परिचारिका बडतर्फ झाल्या. हलगर्जीपणाला शिक्षा व्हायलाच हवी. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारला आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरला अतिदक्षता विभागांत आगी लागल्या. दोन्हीकडे 10 हून अधिक रुग्ण दगावले. 2023 मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यात 12 नवजात. तेव्हा एका खासदाराने अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. त्याने औषधांचा साठा वाढला नाही, की रिकामी पदं भरली गेली नाहीत.

दुसरा मार्गही आहे. 2001 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स या नामांकित रुग्णालयात दीड वर्षांची जोसी किंग दगावली. भाजल्यामुळे दाखल झालेली मुलगी बरी होत आली होती. शरीरातलं पाणी कमी झालं, त्यात वेदनाशामक औषध दिलं गेलं. ‘हिला काहीतरी होतंय’ असं आई सांगत होती, पण तिचं ऐकलं गेलं नाही. नुकसानभरपाईच्या पैशातला काही भाग आईवडिलांनी त्याच रुग्णालयात रुग्णसुरक्षेचा कार्यक्रम सुरू करायला दिला.

आपल्या मोहल्ल्यात मूल दगावलं की दोनच गोष्टी होतात. एक तर ‘नसीब’ म्हणून सगळे गप्प बसतात, नाहीतर पोरं जमून काचा फोडतात. दोन्हीत रुग्णालयाची पद्धत जशीच्या तशी राहते. सब्र करावा, पण सब्र म्हणजे प्रश्न न विचारणं नव्हे. आणि ज्या डॉक्टरला मार खायची भीती आहे, तो चूक कबूल करणार नाही, लपवेल.

म्हणून एवढं करूया. घरातलं मूल दाखल असेल तर त्याचं ताजं वजन कागदावर आहे का, औषध मिलिग्रॅममध्ये किती, मिलीत किती आणि कोणत्या बाटलीतून, हे विचारूया. बाटली सोबत नेऊन दाखवूया. महाराष्ट्राच्या 2021 च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. ती दिसली नाही तर लेखी मागूया. सरकारी रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते. ती शेवटची कधी बसली, आग विझवण्याच्या यंत्रणेची तपासणी कधी झाली, हे माहिती अधिकारात विचारता येतं. मोहल्ल्यात अर्ज लिहू शकणारी पोरं-पोरी आता घरोघरी आहेत.

आपा दहावी शिकलेली आहे. तिला मिलिग्रॅमचा हिशेब येत नव्हता. तिने फक्त ड्रॉपरवरच्या खुणा मोजल्या आणि उत्तर पटलं नाही म्हणून पुन्हा विचारलं.