करार सरकारांचा, जोखीम आपली



‘दोन सरकारांनी सह्या केलेला प्रकल्प बुडत नाही,’ हे मलेशियात फ्लॅट घेण्याचा सल्ला देणाऱ्या पत्रलेखकाचे म्हणणे मुळीच पटले नाही. क्वालालंपूर-सिंगापूर अतिवेगवान रेल्वेचा करार डिसेंबर २०१६ मध्ये झाला. प्रवास ९० मिनिटांवर येणार होता. २०१८ मध्ये मलेशियात सत्ता बदलली, काम लांबणीवर पडले आणि १ जानेवारी २०२१ रोजी करारच संपुष्टात आला. मलेशियाने सिंगापूरला १० कोटी २८ लाख सिंगापूर डॉलर भरपाई दिली. या मार्गावरच्या, मलेशियातील इस्कंदर पुतेरीच्या नियोजित स्थानकाच्या भरवशावर चढ्या भावाने फ्लॅट घेणाऱ्यांशी मात्र त्या कराराचा काहीच संबंध नव्हता! परक्या देशात आपल्याला मत नाही, दाद मागणेही महाग. माहितीपत्रकाच्या नकाशात नियोजित रेल्वे दाखवणाऱ्या तुटक रेषेचे पैसे मोजू नका. आज तिथे बस जाते का, भाडे किती मिळते, ते पाहूनच व्यवहार करा.

– एक वाचक, ठाणे