किलोमीटर झाले नाहीत, पण वर्षं तर झाली ना!



या ग्रुपवर दांडिया बाजारातल्या वाड्यांच्या, गणपतीच्या, जुन्या शाळांच्या आठवणी मी आवडीने वाचतो. आज मी मात्र इंजिन ऑइलवर लिहिणार आहे. हसू नका. आपल्या मांजलपुरात सोसायटी-सोसायटीत गाड्या लावायला जागा उरलेली नाही, पण "तुमच्या गाडीचं ऑइल शेवटचं कधी बदललं?" असं विचारलं की नव्वद टक्के लोक म्हणतात, "ते गॅरेजवाल्याला ठाऊक." माझं मत असं आहे की ते घरातल्यांना ठाऊक असायला हवं. आणि हे मत मला फुकटात मिळालेलं नाही, वहिनींच्या पैशांनी मिळालंय. म्हणून आधी ते सांगतो.

माझा थोरला भाऊ गेला तेव्हा त्याची छोटी पेट्रोल गाडी वहिनींकडे राहिली. वहिनी अठ्ठावन्नाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकल्या, याचं आम्हा सगळ्यांना फार कौतुक. तुलसीधाम चार रस्त्यावर भाजी, मग बँक, देऊळ, दुपारी नातीला शाळेतून आणायचं. एवढंच फिरणं. एका वेळी दोन-तीन किलोमीटर. दर दिवाळीच्या आधी त्या मला विचारायच्या, "भाऊजी, गाडी सर्व्हिसिंगला देऊ का?" आणि मी, मकरपुरा जीआयडीसीत तीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढलेला शहाणा माणूस, सांगायचो, "अहो वहिनी, गाडी चाललीच कुठे? दहा हजार होऊ देत, मग बघू."

अशी चार वर्षं गेली. किलोमीटर झाले जेमतेम नऊ हजार. उत्तरायण झाल्यावर सगळे सुरतेला लग्नाला निघाले. करजण गेलं आणि डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला. पुतण्या चालवत होता. तो म्हणाला, "भरूच येईलच, तिथे बघू." भरूच आलंच नाही. आधी आतून कोणीतरी हातोडी मारतंय असा आवाज, मग इंजिन बंद. खाली तेलाचं भांडं उघडलं तर तेल निम्म्याहून कमी, आणि जे होतं ते काळ्या मलमासारखं. तेल ओढून घेणारी जाळी अर्धी बुजलेली. बेअरिंगं गेली, क्रँकवर चरे. बिल चाळीस हजारांच्या वर.

वहिनी भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही म्हणालात म्हणून मी थांबले." खरं सांगतो, त्यापेक्षा त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

गंमत बघा. कारखान्यात कॉम्प्रेसरच्या ऑइलची तारीख मी खडूने बोर्डावर लिहायचो. मशीन बंद असलं तरी तारीख चुकवायचो नाही. घरी मात्र फक्त किलोमीटर मोजले.

आता माझं म्हणणं.

एक. वर्ष मोजा. बहुतेक नव्या पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत "10,000 किलोमीटर किंवा 12 महिने, जे आधी होईल ते" असं काहीतरी लिहिलेलं असतं. आपण पहिला अर्धा भाग वाचतो आणि पुस्तिका मिटतो. थंड इंजिनात पेट्रोलचा थोडा अंश न जळता तेलात उतरतो. जळणातून पाण्याची वाफ होते, तीही आत तेलात मिसळते. गाडी अर्धा-पाऊण तास चालली की तेल तापून हे सगळं उडून जातं. पण दोन किलोमीटरवर भाजी घ्यायला थांबलो की ते तिथेच राहतं. तेल पातळ होतं, आंबट होतं, गाळ धरतं. म्हणजे निवृत्त माणसाची घरगुती गाडी, जिला आपण "लाडाने वापरलेली" म्हणतो, तिचं तेल अहमदाबादला रोज एक्स्प्रेसवेने जाणाऱ्या गाडीपेक्षा लवकर खराब होऊ शकतं. पुस्तिकेत "कठीण वापर" म्हणून वेगळा तक्ता असतो. छोट्या फेऱ्या, धूळ, ट्रॅफिकमध्ये उभं राहणं, हे सगळं त्यात येतं. आपण सगळे त्याच तक्त्यातले.

दोन. पुस्तिकेतला ग्रेडच घाला. आमच्या वडिलांच्या पिढीचा विश्वास घट्ट तेलावर. चेतकचा जमाना होता तेव्हा पेट्रोलपंपावर मापाने टू-टी ऑइल पेट्रोलात घालायचं, ते पेट्रोलबरोबर जळून जायचं. इंजिनचं तेल "बदलणं" हा प्रकारच नव्हता. मग फोर-स्ट्रोक आल्या, आणि आपण मनाने ठरवलं की जितकं घट्ट तितकं चांगलं. तसं नाही. 5डब्ल्यू-30 मधला पहिला आकडा थंडीत तेल किती चटकन वाहतं ते सांगतो, दुसरा 100 अंश सेल्सियसला ते किती घट्ट राहतं ते. आपल्या बडोद्यात मे महिन्यात बाहेर 42-43 अंश असले तरी इंजिनातलं तेल शंभराच्या आसपासच काम करतं, आणि बाहेरचा उन्हाळा सांभाळायला रेडिएटर आहे. नव्या इंजिनांमधल्या फटी बारीक असतात, ती 0डब्ल्यू-20 सारख्या पातळ तेलासाठीच बनवलेली असतात. त्यात "उन्हाळा आहे काका, जाडु नाखी दउं?" म्हणून 20डब्ल्यू-50 घालणारा भाऊ आपलं भलं करत नसतो.

दुचाकीला तर गाडीचं उरलेलं तेल मुळीच घालू नका. गिअरच्या बाइकचा क्लच त्याच तेलात भिजलेला असतो. गाडीच्या तेलातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी तो घसरू शकतो. म्हणून बाइकच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए2 बघा. अ‍ॅक्टिव्हासारख्या बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच कोरडा, तिच्यासाठी एमबी. स्कूटरमध्ये तेल मावतं पाऊण लिटरच्या आसपास. त्यातलं दोनशे मिली जळलं तर उरलं किती, ते बघा. सुनेची स्कूटर हीच घरातली सर्वांत दुर्लक्षित गाडी असते.

तीन. काळं म्हणजे खराब, असं नाही. डिझेल गाडीचं तेल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. काजळी धरून ठेवणं हे तेलाचं कामच आहे. उलट आपल्याकडे सीएनजी गाड्या पुष्कळ, त्यांचं तेल महिनोन्महिने मधासारखं दिसतं आणि माणूस फसतो. गॅस स्वच्छ जळतो, पण तेल उष्णतेने म्हातारं होतच असतं. रंग बघू नका, तारीख बघा.

चार. फिल्टरवर पैसे वाचवू नका. तेल नवं आणि ऑइल फिल्टर जुना, हे म्हणजे आंघोळ करून मळका सदरा घालणं. फिल्टर बुजला की त्यातली एक झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जातं, कारण इंजिन कोरडं राहण्यापेक्षा ते बरं. म्हणजे गाडी चालत राहते, आपल्याला काही कळत नाही. प्रत्येक ऑइलबरोबर फिल्टर बदलायचा, चांगल्या कंपनीचा, आणि खोका आपल्यासमोर फोडायला सांगायचा. एअर फिल्टर वेगळा. खोदलेले रस्ते आणि बांधकामाची धूळ बघता तो दर सर्व्हिसिंगला काढून बघावा. कागदी असेल तर धुवायचा नाही. एसीचा फिल्टर आणखी तिसरा, त्याचा इंजिनशी संबंध नाही, बिलात तिन्ही वेगळे वाचा.

आता कोणी म्हणेल, काका घाबरवतायत, गॅरेजवाल्यांचं फावणार. तर तेही सांगतो. दर 3,000 किलोमीटरला तेल बदलायला लावणारा, प्रत्येक वेळी "इंजिन फ्लश" आणि "अ‍ॅडिटिव्ह"ची बाटली बिलात घालणारा, हाही तितकाच चुकतोय. पुस्तिकेतला ग्रेड आणि पुस्तिकेतली मुदत पाळणाऱ्या गाडीला त्या बाटल्या लागत नाहीत. महागडं सिंथेटिक घालून तीन वर्षं विसरून जाणं तर सर्वांत वाईट. त्यापेक्षा पुस्तिकेला चालणारं साधं तेल वेळेवर बदललेलं केव्हाही बरं.

पुराचंही सांगायला हवं. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री धोक्याच्या 25 फुटांच्या कितीतरी वर गेली, पाणी पार्किंगमध्ये शिरलं. पाणी ओसरल्यावर आमच्या ओळखीतल्या दोघांनी "चालू होते का बघू" म्हणून किल्ली फिरवली. तिथेच घात झाला. बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवायचीच नाही. आधी बॅटरी सोडवायची, गाडी टो करून न्यायची. डिपस्टिकवर तेल दुधाळ, चहासारखं दिसलं की पाणी आत गेलंय. मग तेल, फिल्टर सगळं नवं. आणि विम्यात इंजिनसाठी वेगळं संरक्षण घेतलंय का, ते पावसाळ्याआधी बघा. साध्या पॉलिसीत पाण्यात किल्ली फिरवून झालेलं नुकसान सहसा मिळत नाही.

शेवटचं एक. काढलेलं जुनं तेल गटारात ओतू देऊ नका, ते पुढे विश्वामित्रीतच जातं. गॅरेजवाला ते पिंपात साठवतो का, विचारा. आणि रिकामा डबा घरी आणत असाल तर भंगारात देण्याआधी त्याला भोक पाडा. चांगल्या कंपनीचे रिकामे डबे बनावट तेल भरायला वापरले जातात.

1890 मध्ये कलाभवन काढून तंत्रशिक्षण सुरू करणाऱ्या महाराजांच्या गावात आपण राहतो. डिपस्टिक बघायला इंजिनियर व्हावं लागत नाही. सपाट जागा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं, दांडी काढून पुसायची, परत घालून बघायची. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी नको, वरच्या खुणेच्या वरही नको. आणि लाल दिवा लागला तर भरूच, करजण काही बघायचं नाही. बाजूला घ्या, इंजिन बंद करा.

वहिनींनी आता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, गॅस सिलेंडरच्या तारखेखालीच, ऑइलची तारीख लिहिली आहे. ग्रेड पण लिहिलाय. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या स्वतः दांडी काढून बघतात, जुन्या पातळाचा तुकडा त्यासाठी ठेवलाय. मागच्या दिवाळीला मी आपणहून विचारलं, "वहिनी, सर्व्हिसिंगचं काय?"

म्हणाल्या, "झालं नवरात्रात. तुम्हाला नाही विचारलं."

बरोबरच केलं त्यांनी. तुमच्या घरच्या गाडीची शेवटची तारीख कोणाला ठाऊक आहे? गॅरेजला फोन न करता खाली लिहा बघू.