एफ फॉर्म भरतो, मग फोन का नाही?

रिपोर्टच्या तळाशी 'क्लिनिकल कोरिलेशन आवश्यक' (म्हणजे पेशंटच्या लक्षणांशी ताडून पाहा) एवढं टाकलं की रेडिऑलॉजिस्ट कोर्टात सुटतो, हा सल्ला या आठवड्यातही कानावर आला. पण ती ओळ कुणालाच वाचवत नाही. खरी नजरचूक मात्र कायद्यालाही कळते. २०१३ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी फुफ्फुसाच्या सीटीत गोरिलाचं चित्र दडवलं, तर २४ पैकी २० रेडिऑलॉजिस्टना ते दिसलं नाही. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांची नजर नेमकी त्या जागी पडली होती. केवळ निर्णय चुकला म्हणून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात म्हटलं. पण जे दिसलं ते पोचवलंच नाही, त्याला नजरचूक कशी म्हणायची?

मुतखड्यासाठी सीटी काढलेल्या माणसाच्या फुफ्फुसाच्या तळाशी गाठ दिसते. रिपोर्टच्या तिसऱ्या परिच्छेदात ती इंग्रजीत नोंदलेली असते, 'इम्प्रेशन'मध्ये, म्हणजे निष्कर्षात, मात्र फक्त खडा. सर्जन इम्प्रेशन वाचतात, खडा निघतो, पाकीट घरी कपाटावर जातं आणि गाठही त्याच्यासोबत. आता त्याच सेंटरची सोनोग्राफीची खोली बघा. गर्भवती आली की गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याचा एफ फॉर्म निघतो. पत्ता, फोन नंबर, पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव, सही. चिठ्ठीसुद्धा फायलीत, आणि सगळं दोन वर्षं जपायचं. रकाना चुकला तर हा कायदा उल्लंघनच गृहीत धरतो, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही निव्वळ कारकुनी चूक मानायला नकार दिला. मशीनला सील लागेल या धास्तीने का होईना, ही शिस्त अंगवळणी पडली. म्हणून अशी गाठ डॉक्टरांना फोनवर कळवायला आणि त्याची नोंद ठेवायला वेळ नाही, हे मला पटत नाही.

स्कॅनची रांग संपत नाही, रात्रीचे रिपोर्ट दुसऱ्या गावाहून येतात, डॉक्टर फोन उचलत नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण फोन प्रत्येक रिपोर्टला लागत नाही. मेंदूतला रक्तस्राव, फुटलेलं आतडं, ध्यानीमनी नसलेली गाठ, एवढ्यांपुरताच. डॉक्टर सापडले नाहीत तर पेशंटला किंवा घरच्यांना मराठीत सांगावं. लिहिलेलं उद्या अंगावर येईल, ही भीतीही उलटी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या शांता निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आहे, आणि ग्राहक आयोगापुढे 'मी सांगितलं होतं' म्हणायचं तर हातात कागद हवा. 'कोरिलेशन'च्या त्या एका ओळीच्या जागेत एवढं सहज मावतं: कुणी कळवलं, कुणाला, तारीख, वेळ.