खाली आठ, वर सात



‘बायकांच्या हक्कांचं काम करणाऱ्या कार्यकर्तीनं सणासुदीला मशिदीत स्वयंसेवक म्हणून कशाला राबायचं?’ असा प्रश्न आमच्याच बैठकीत निघाला. मशीद म्हणजे इथे बेने इस्रायलांचं प्रार्थनास्थळ. कोकणातले हे मराठी ज्यू सिनेगॉगला मशीदच म्हणतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून चार शब्द.

तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावोगाव हे लोक ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. 1950च्या सुमारास भारतात त्यांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. मग घरंच्या घरं इस्रायलला गेली. रायगड जिल्ह्यात मी एकट्या राहणाऱ्या वृद्ध बायकांसोबत काम करते, त्यांत मागे राहिलेल्या काही बेने इस्रायल आजी आहेत. मुलं तिकडे, फोन रोज, पण औषध आणायला शेजारीणच. तिश्री महिन्यात ओळीनं सण येतात. नव्याचा सण, मग दारफाळणीचा म्हणजे किप्पूरचा उपास, मग मांडवाचा सुक्का. या दिवसांत त्यांच्या हाताखाली कोणीतरी हवं असतं. द्राक्षारसाऐवजी काळ्या मनुकांचं सरबत करायचं, नारळाच्या दुधात हलवा घोटायचा. (नारळ खवणं समाजकार्याच्या एम.ए.ला शिकवत नाहीत.) हे सगळं बायका करतात. वर्षभर मशिदीची किल्ली सांभाळणारी, झाडलोट करणारी, दिव्याचं तेल बघणारीही एक आजीच आहे.

किप्पूरचा उपास सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत, जवळजवळ पंचवीस तास. पाणीसुद्धा नाही. मधुमेह असलेल्या बाईला हा उपास म्हणजे जिवाशी खेळ. खरं तर जीव धोक्यात असेल तर उपास करू नये, असं त्यांचा धर्मच सांगतो. मी सांगितलं तर ‘बघू गं’. म्हणून आधीच हझानना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, विनंती केली की हे तुम्ही सर्वांसमोर सांगा. त्यांनी सांगितलं. दोघींनी गोळी पाण्याबरोबर घेतली. पुरुषाच्या तोंडून आल्यावरच पटलं याचा मला राग आला, पण साखर उतरली नाही हेही खरं.

2025 साली किप्पूर आणि दसरा एकाच दिवशी, 2 ऑक्टोबरला आले. सणाच्या दिवशी वाहनात बसायचं नाही, म्हणून आदल्या दिवशी सूर्यास्ताआधीच सगळ्या आजींना मशिदीलगतच्या घरात आणून ठेवलं. आणि तिथेच तो खोळंबा झाला. सार्वजनिक प्रार्थनेला दहा लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. दहा म्हणजे तेरा वर्षांवरचे पुरुष. ते नसतील तर तोराची गुंडाळी उघडून वाचता येत नाही, मेलेल्यांसाठी कद्दिश म्हणता येत नाही. ठाण्याहून येणारे दोघे रस्त्यात अडकलेले. किल्लीवाली आजी वरच्या सज्जातून खाली बघून म्हणाली, ‘खाली आठ, वर सात. पंधरा झाले की गं!’ बाजूच्या हसल्या. ती हसली नाही.

तिच्या हिशेबात चूक काय आहे? ज्यू कोण हे आईवरून ठरतं. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलच्या धर्मगुरूंनी बेने इस्रायलांच्या लग्नांना अडकाठी केली, तेव्हा आया-आज्यांची वंशावळच तपासायला मागितली होती. आंदोलनं झाली, आणि 1964मध्ये तिथल्या संसदेला हे पूर्णपणे ज्यूच आहेत असं जाहीर करावं लागलं. म्हणजे कूळ मोजायचं तर आई, शंका घ्यायची तर आईवर. प्रार्थनेला माणसं मोजायची तेव्हा मात्र आई सज्जात.

बाहेरच्या बाईनं यात नाक खुपसू नये, असं काही जणी म्हणतील. अल्पसंख्याकांमधल्या अल्पसंख्य समाजाला आपण निवेदनं देऊ नयेत, हे मलाही मान्य आहे. पण ही कल्पना बाहेरची नाहीच. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख असलेल्या डॉ. जेरुशा झिराड याच समाजातल्या. 1925मध्ये मुंबईत ज्यूईश रिलिजस युनियन उभी राहिली ती त्यांच्या पुढाकारानं. ही सुधारणावादी पंथाची संस्था. त्या पंथात स्त्री-पुरुष एकत्र बसतात, बाई मोजली जाते. किल्लीवाल्या आजीला डॉक्टर झिराड ठाऊक होत्या, पण ‘मोठ्या डॉक्टरीणबाई’ म्हणून. दुसरं काही कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितल्यावर तिनं दोनदा विचारलं, ‘आपल्यातलीच ना?’

पुढे काय करायचं ते त्या ठरवतील. त्यातल्या दोघींना तर हा बदल नकोच आहे. गाव सोडून गेलेल्यांनी निदान सणाला येऊन दहा पुरे करावेत, एवढंच त्यांचं मागणं. तेही मी तितक्याच गांभीर्यानं ऐकते. दहाचा आकडा दोन वर्षांनी आठच राहिला तर दोघींचीच नव्हे, सगळ्यांचीच मशीद बंद पडेल, हे मात्र मी त्यांच्यासमोर बोलते.

आपल्या गटाकडे मात्र माझं मागणं साधं आहे. पुढच्या तिश्रीत उपासाच्या रात्री मशिदीलगतच्या घरात झोपायला दोघी हव्यात. साखर तपासायचं यंत्र हवं. आणि उपास सुटल्यावर आजींना घरी पोचवायला रिक्षा आधीच ठरवून ठेवायला हवी. यंदा दसऱ्याच्या रात्री झेंडूच्या माळा घातलेल्या रिक्षा स्टँडवर उभ्या होत्या, चालक एकही नव्हता.