उद्याच्या नावानं चांगभलं!

मंडळी, आज हॉकी. आपली ध्यानचंदांची नव्हे, बर्फावरची. ऑनसाइटच्या निमित्ताने एक हिवाळा बफेलोत काढला, तेव्हापासून तिथल्या सेबर्स संघाचं खूळ डोक्यात बसलंय. संघ म्हणजे अगदी कर्मदरिद्री! 2011-12 ते 2024-25, सलग 14 मोसम प्लेऑफच्या बाहेर. एनएचएलमधला विक्रम आहे हा.

यातला बराच काळ एकच पालुपद ऐकू यायचं: रिबिल्ड चालू आहे. म्हणजे अनुभवी खेळाडू द्यायचे, बदल्यात कोवळी पोरं आणि ड्राफ्टमधले नंबर घ्यायचे, आणि तळाशी बसायचं. कारण नवे खेळाडू निवडताना तळाच्या संघांचा नंबर आधी लागतो. कागदावर झकास!

2014-15 मध्ये सेबर्स शेवटचे आले. सगळ्यांचा डोळा कॉनर मॅकडेव्हिडवर. मार्च 2015 मध्ये अ‍ॅरिझोनाने बफेलोत येऊन जादा वेळेत गोल मारला, तेव्हा घरचेच प्रेक्षक जल्लोष करत होते!! पण लॉटरीत शेवटच्या संघाची शक्यता होती फक्त 20 टक्के. मॅकडेव्हिड गेला एडमंटनला. बफेलोला दुसऱ्या नंबरवर जॅक आयकल मिळाला. तोही अव्वलच होता म्हणा.

माझं भांडण पुढच्या गोष्टीशी आहे. 2018 मध्ये मोसम संपल्यावर रायन ओरायली मोकळेपणाने बोलला, की हरणं इथे चालवून घेतलं जातंय, तेच माझ्यातही भिनलंय, खेळावरचं प्रेम मधूनमधून हरवतंय. ही धोक्याची घंटा होती. व्यवस्थापनाने काय केलं? घंटाच विकली! ओरायली सेंट लुईसला गेला आणि 2019 मध्ये स्टॅनले कप जिंकला, वर प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. 2021 मध्ये सॅम राइनहार्ट फ्लोरिडाला दिला. 2024 आणि 2025 चे कप त्याचे. 2025 च्या शेवटच्या सामन्यात पठ्ठ्याने 4 गोल मारले. त्याच वर्षी, 2021 मध्येच, मानेच्या शस्त्रक्रियेवरून वाद होऊन आयकल व्हेगासला गेला. 2023 चा कप त्याचा.

तिघेही जिंकले. फक्त बफेलोत नाही.

बदल्यात काहीच मिळालं नाही असं नाही. ओरायलीच्या सौद्यात आलेल्या टेज थॉम्पसनने 2022-23 मध्ये 47 गोल केले. पण पोरं हुशार असून भागत नाही. हरल्यावर ड्रेसिंग रूममध्ये ज्याच्या तोंडाकडे बघावं, असा कुणीतरी लागतो. 'पिट्सबर्ग आणि शिकागोसुद्धा तळातूनच वर आले' असं कुणी म्हणेल. बरोबर. पण पिट्सबर्गने 2009 मध्ये क्रॉस्बीच्या जोडीला 38 वर्षांचा बिल गेरिन आणला आणि कप जिंकला. शिकागोने त्याच वर्षी टेव्झ-केनच्या जोडीला मारियन होसा घेतला आणि 2010 मध्ये जिंकले. वेळ आल्यावर त्यांनी उद्याचा हिशेब थांबवून आजची खरेदी केली.

आपल्या धंद्यातही असले रिबिल्ड पाहिलेत. जुने जाणते लोक सोडून जातात, जागी चार फ्रेशर्स येतात, प्लॅनमध्ये सगळं हिरवं दिसतं. रात्री दोनला सर्व्हर पडला की ती पोरं एकमेकांची तोंडं बघतात.

'उद्या'ला डेडलाइन नसेल तर ती स्ट्रॅटेजी नव्हे, सबब आहे. आणि हरायची सवय ड्राफ्टमधून बदलून मिळत नाही.

असो. चहा गार झाला.