फिरायला गेला तर हक्क, जगायला गेला तर गुन्हा



नॉर्वे म्हणून एक देश आहे, युरोपात पार उत्तरेला. तिथल्या लोकांची एक रीत आहे. उन्हाळ्यात शनिवार-रविवार आला की घरचे सगळे पाठीला पिशवी लावून जंगलात चालायला निघतात. म्हातारे, पोरं, साहेब, कामगार, सगळेच. राजधानी ओस्लोला लागूनच मोठं जंगल आहे. शहरातून गाडीत बसायचं, जंगलाच्या काठाला उतरायचं आणि चालू लागायचं. झुडपांना बारीक निळी फळं लागतात, आपल्या करवंदांसारखी. ती खायची, डबा भरून घरी न्यायची. कोणी विचारत नाही.

शहरातल्या शिकलेल्या लोकांना ही रीत फार आवडते. ‘बघा, त्यांचं जंगलावर किती प्रेम,’ असं ते म्हणतात. आणि लगेच आमच्याकडं बोट करतात, ‘तुम्ही मात्र जंगल संपवलं.’ म्हणून या प्रेमाच्या मागं काय आहे ते नीट सांगायला पाहिजे.

मागं कायदा आहे. रानात फिरायची वहिवाट तिथं जुनीच होती. १९५७ साली सरकारनं ती कायद्यात लिहिली. जिथं लागवड नाही त्या रानात कोणीही पायी जाऊ शकतो. तिथलं बहुतेक जंगल खाजगी मालकीचं आहे, तरी मालक चालणाऱ्याला अडवू शकत नाही. रानफळं, फुलं, अळंबी नेली तर ती चोरी नाही. तंबू ठोकून राहता येतं. फक्त वस्तीच्या घरापासून १५० मीटर लांब ठोकायचा, आणि दोन दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर विचारायचं. लोकांनाही बंधनं आहेत. उभ्या पिकात शिरायचं नाही. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात आग पेटवायची नाही. म्हणजे हक्कही लोकांचा आणि राखायची जबाबदारीही लोकांची.

चालणाऱ्यांची एक मोठी संस्था तिथं १८६८ पासून आहे. तिनं डोंगरात वाटा आखल्या, झोपड्या बांधल्या. कितीतरी झोपड्यांत राखणदारच नसतो. माणूस येतो, झोपतो, ठेवलेलं खातो, वहीत नाव लिहितो आणि आपणहून पैसे भरतो. आपल्याकडं मोळी धरली की गार्ड पैसे घेतो, आणि पावती मागितली की डोळे वटारतो. तिथं माणसावर भरवसा टाकून जंगल चालतं. इथं आम्हाला चोर ठरवून चालवतात.

आपल्याकडं कायदा कोणता? १९२७ चा, इंग्रजांचा. राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरलं तरी गुन्हा. गुरं चारली, गुन्हा. राबासाठी फांद्या तोडल्या, गुन्हा. इंग्रज गेला, त्याचा कायदा राहिला. आमच्या आज्यानं साफ केलेल्या जागेवर आम्ही ‘अतिक्रमणवाले’ झालो.

कोणी म्हणेल, नॉर्वेचे लोक फिरायला जातात, तुम्ही तोडायला जाता. आम्ही विचारतो, आमच्या डोंगरावरचा साग कोणी नेला? कूप पाडले ते हुकमानं पाडले. ट्रक भरून लाकूड गेलं ते ठेकेदाराचं. आम्ही तिथं मजुरीवर कुऱ्हाड चालवली, तीही अर्ध्या मजुरीवर. बाईच्या डोक्यावरच्या मोळीतून कधी सागाचं जंगल गेलं आहे काय?

मुंबईचे लोकही आता सुट्टीला आमचे डोंगर चढायला येतात. त्यांच्याशी आमचं भांडण नाही. ते वाट विचारतात, आम्ही दाखवतो. पाणी मागतात, देतो. पण त्याच वाटेनं त्याच दिवशी शेवळं आणि कंद घेऊन उतरणाऱ्या आमच्या बाईला नाक्यावर थांबवतात. पायात बूट असले तर पाहुणा, पाय उघडे असले तर चोर. हा कुठला न्याय?

आणि नॉर्वेचीही सगळी गोष्ट गोड नाही. तिथंही आदिवासी आहेत. त्यांना सामी म्हणतात. त्यांच्यातले काही जण रेनडिअर नावाची हरणं पाळून जगतात. सरकारनं त्यांच्या भागात आल्टा नदीवर धरण आखलं. पहिल्या आराखड्यात मासी नावाचं आख्खं सामी गाव बुडणार होतं. लोक उठले, गाव वाचलं. पण धरणाचा हट्ट सुटला नाही. १९७९ साली सामी तरुण ओस्लोला संसदेसमोर तंबू ठोकून उपोषणाला बसले. १९८१ च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, वाट अडवून बसलेल्या लोकांना उचलायला सरकारनं सुमारे ६०० पोलीस पाठवले. १९८७ ला धरण झालंच.

म्हणजे बघा. ज्या देशात कोणालाही जंगलात फिरायचा हक्क आहे, तिथंही जंगलावर जगणाऱ्याचा हक्क सरकारनं आपणहून दिला नाही. पण सामी लोकांचा लढा फुकट गेला नाही. १९८८ ला घटनेत त्यांचं नाव आलं. १९८९ ला त्यांची स्वतःची निवडून आलेली संसद बसली. आदिवासींच्या हक्काचा १६९ नंबरचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याला १९९० साली जगात सगळ्यात आधी नॉर्वेनं मान्यता दिली. आपल्या सरकारनं त्याला मान्यता दिलेली नाही.

म्हणून आम्ही नुसती जंगलात शिरायची परवानगी मागत नाही. शिरायला आम्ही बाहेरचे नाहीच. आम्ही मागतो ते असं:

१. कसत असलेले प्लॉट नावावर करा. १९७८ च्या ठरावाची अंमलबजावणी करा.
२. राब, सरपण, मोहाची फुलं, कंद, भाजी आणि चराई हा आमचा हक्क म्हणून लिहा, सवलत म्हणून नाही.
३. गावाचं जंगल गावानं राखायचं. नियम गाव करील आणि गाव पाळील.
४. पावतीशिवाय एक पैसाही वसूल करायचा नाही.

पाड्यापाड्यावर एक काम आजच करा. जुन्या दंडाच्या पावत्या शोधून काढा, मडक्यात असोत की कुडात खोचलेल्या असोत. त्या पावत्या सांगतात की जमीन आम्ही कधीपासून कसतो. ज्या कागदानं आम्हाला गुन्हेगार ठरवलं, तोच आमचा पुरावा आहे. पुढच्या मीटिंगला येताना घेऊन या.

संघटना जिंदाबाद!