जगन्नाथाच्या दारातला नागपुरी नाका

रथयात्रा जवळ आली की नागपुरात भोसल्यांची आठवण निघते. महाल भागातल्या एखाद्या कार्यक्रमात कुणी तरी ठासून सांगतं, पुरीच्या जगन्नाथाचा सांभाळ आपल्या राजांनी केला. टाळ्या पडतात. मीही वाजवते. महालातच वाढले, शाळेत इतिहास शिकवला, भोसल्यांचं कौतुक मला काही कमी नाही. पण ही गोष्ट आपण अर्धीच सांगतो. उरलेली अर्धी पैशाची आहे आणि आजच्या यात्रेकरूला तीच जास्त कामाची आहे.

१७५१ साली अलिवर्दीखानाशी तह झाला आणि ओडिशा पहिल्या रघूजींकडे आला. तिथून १८०३ पर्यंत पुरीवर अंमल नागपूरचा. मठांना, अन्नछत्रांना सनदा मिळाल्या, देवाचा खर्च सरकारातून भागू लागला. कोणार्कच्या ओस पडलेल्या मंदिरातला अरुणस्तंभ याच काळात पुरीच्या सिंहद्वारासमोर आला. सोळा पैलूंचा, एकसंध दगडाचा, सुमारे १० मीटर उंचीचा हा खांब. टोकावर सूर्याचा सारथी अरुण हात जोडून बसलेला. आमच्या वस्तीतल्या बायकांना घेऊन पुरीला गेले होते, तेव्हा हे सांगितलं. इतवारीच्या एका काकूंनी पदर सावरून खांबाला पुन्हा नमस्कार केला. म्हणाल्या, “मंग तं हा आपलाच झाला न, बाई!”

आपलाच. पण गावात शिरताना अठरनाळ्याचा जुना दगडी पूल लागतो, तिथला नाकाही आपलाच होता. कर भरल्याशिवाय यात्रेकरूला पुढे सोडत नसत. एका हाताने अन्नछत्राला द्यायचं, दुसऱ्या हाताने यात्रेकरूकडून घ्यायचं, असा तो कारभार. त्या काळच्या राज्यांत हे वावगं मानत नसत, म्हणून ते झाकायचं कारण नाही. सांगायचं तर दोन्ही सांगा.

सप्टेंबर १८०३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कर्नल हारकोर्टच्या फौजेने पुरी घेतली. मंदिराला धक्का लावू नका, अशी गव्हर्नर जनरल वेलस्लीची ताकीद होती. इकडे अडगाव आणि गाविलगड हातचे गेल्यावर १७ डिसेंबरला दुसऱ्या रघूजींनी ओडिशा सोडून दिला. तो तह झाला आपल्याच वऱ्हाडात, देवगावला. कंपनीने आधी कर थांबवला, पण १८०६ साली चक्क कायदा करून तो परत बसवला. या कायद्यात यात्रेकरूंच्या पायऱ्या पाडल्या होत्या: लाल, निमलाल, भुरंग आणि पुंजतीर्थी. उत्तरेकडून आलेल्या लाल यात्रेकरूला १० रुपये, दक्षिणेकडून आलेल्याला ६. कंपनीच्या शिपायाचा महिन्याचा पगार तेव्हा ७ रुपयांच्या आसपास होता, यावरून अंदाज करा. जास्त पैसे भरणाऱ्याला जास्त दिवस दर्शनाची मुभा, कमी भरणाऱ्याला मोजके दिवस. पुंजतीर्थी म्हणजे ज्याच्या गाठीला काहीच नाही तो. त्याला कर माफ, पण दर्शन बाहेरूनच. १८०९ च्या कायद्यात तर कुठल्या जातींना आत घ्यायचं नाही, त्याची यादीच घातली होती. चोखोबा ज्या दाराबाहेर राहिले, तसलं दार आता सरकारी शिक्क्यानिशी बंद झालं.

हा कर १८४० साली उठला, पण यात्रेकरूची दया आली म्हणून नव्हे. मूर्तिपूजेच्या पैशाला ख्रिस्ती सरकारने हात लावू नये, असा मिशनऱ्यांनी विलायतेत गदारोळ केला, म्हणून. कर गेला आणि मंदिराचा कारभार खुर्द्याच्या राजाकडे सोपवला गेला. नागपूरहून रायपूर-संबळपूरच्या वाटेने पायी जाणाऱ्या भाविकाला या वादाचा पत्ताही नसेल. त्याला एवढंच कळलं असेल, की नाक्यावर आता कुणी अडवत नाही.

अशी नाकी आपण पुन्हा उभी केली आहेत. आपल्याच राज्यातल्या एका मोठ्या देवस्थानात माझ्यासमोर सशुल्क पासाची रांग भराभर पुढे सरकली आणि धर्मदर्शनाच्या रांगेतली एक म्हातारी रेलिंगला धरून तासन् तास उभी होती. तिच्या पायाशी पिशवी, पिशवीत घरून आणलेली दशमी. लाल यात्रेकरू आणि पुंजतीर्थी यांत याहून वेगळं काय होतं?

देवस्थानांना खर्च असतो, हे मला मान्य आहे. पाणी, स्वच्छता, सेवेकऱ्यांचे पगार, अन्नछत्र, सगळ्याला पैसा लागतो. भक्तनिवासाचं भाडं घ्या, अभिषेकाची पावती फाडा, दानपेटी ठेवा. पण देवापर्यंतचं अंतर विकू नका. वारकऱ्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. आषाढीला गाभाऱ्यापर्यंत पोचता आलं नाही तर वारकरी कळसाला हात जोडतो आणि त्याची वारी पुरी होते. त्यात कमीपणा नाही, कारण कमी-जास्त ठरवायला तिथे कुणी पावतीपुस्तक घेऊन बसलेलं नसतं. म्हातारे, अपंग, लेकुरवाळ्या यांना आधी सोडा, जरूर सोडा. ती सोय गरजेची आहे, खिशाची नाही.

तेव्हा दोन मागण्या. विश्वस्तांनी सशुल्क दर्शन बंद करावं आणि बंद होईपर्यंत त्यातून किती जमलं, कुठे खर्चलं, याचा फलक मंदिराच्या दारातच लावावा. आणि नागपूरकरांनो, पुढच्या रथयात्रेला अरुणस्तंभाबरोबर अठरनाळ्याचंही नाव घ्या. भोसल्यांच्या दानाचा अभिमान बाळगणाऱ्यांनीच देवाच्या दारातल्या करावर आधी बोलायला हवं.